बिनओझ्याचा मास्तर

माझ्या नोकरीची पहिली चार वर्षं घाटावरच्या एका शाळेत गेली, आणि त्यातली निम्मी घाटातच गेली असं आमच्या घरी म्हणत. त्यात फारसं खोटं नाही. घर खाली कर्जतच्या बाजूला आणि शाळा कुसूरच्या वाटेने वर, मावळात. आगगाडी होती की! पण ती खंडाळ्याच्या घाटाने लोणावळ्याला नेऊन सोडणार, आणि तिथून शाळेचं गाव गाठायचं तर पुन्हा दिवसभर पाय तोडायचे. त्यापेक्षा सरळ डोंगर चढलेला काय वाईट? शनिवारी दुपारी शाळा सुटली की खाली उतरायचं आणि सोमवारी कोंबडा आरवला की वर चढायचं, असा माझा क्रम होता. मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट.

सोमवार म्हणजे वरच्या गावचा बाजार, त्यामुळे वाट एकटी नसे. घाटाच्या निम्म्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं, त्याच्या काठी थोडी सपाटी आणि एक जांभळीचं झाड. येणारा-जाणारा प्रत्येकजण तिथे टेकायचाच. टाक्यावर पोचल्यावर आधी कुणी बोलत नाही. ओझी उतरतात, माना इकडून तिकडे वळतात, दोन ओंजळी पाणी पोटात जातं आणि मग जिभा सुटतात.

आमचा चौघांचा मेळ होता. एक सुकटवाली मावशी. गाव खालापूरकडचं, खाडीकडून आलेली सुकट, बोंबील, वाकट्या पाटीत भरून ती वर विकायला न्यायची. वय पंचेचाळीसच्या पुढे, आवाज मोठा, आणि जिभेला हाड म्हणून नाही. दुसरे कुंभारदादा. काथ्याच्या जाळ्यात बांधलेली मडकी डोक्यावर, त्यामुळे बिचाऱ्यांचा जीव कायम मुठीत. कुणी शिंकलं तरी ते दचकायचे. तिसरा एक ठाकरदादा, पायथ्याच्या वाडीतला, कोंबड्यांचं डालगं घेऊन येणारा. तो बोलायचाच नाही. त्याच्या वाटणीचं सगळं कोंबड्या बोलायच्या. आणि चौथा मी.

आता जड ओझं डोक्यावरून एकट्याला उतरवता येतं, फार तर आदळतं. पण ते एकट्याला चढवता येत नाही. त्याला दुसऱ्याचा हात लागतो. म्हणून टाक्यावर एकच कायदा होता, तो कुठल्या सरकारने केलेला नव्हता, पण सरकारच्या कायद्यापेक्षा जास्त पाळला जायचा. शेवटचं डोकं भरल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. मडक्यांच्या जाळ्याला दोन्ही अंगांनी दोघं लागत, नाहीतर मडकी एकमेकांवर आपटणार. पाटीला एकजण पुरे. डालगं हलकं, ठाकरदादा गुडघ्यावर बसून ते शेवटी आपलं आपणच चढवायचा.

मी या कायद्यात शिरलो तो बिनओझ्याचा माणूस म्हणून. खांद्याला एक पिशवी, तिच्यात दोन धोतरं, हजेरीपट आणि आठवड्याचं लोणचं. माझं डोकं रिकामं, हात रिकामे. त्यामुळे सगळ्यांना हात देण्याचं काम न मागता माझ्याकडे आलं आणि मावशीला तेवढा वेळ पाय पसरून बसायला मिळू लागलं.

पहिल्या दिवशी मी तिची पाटी दोन बोटांनी, नाक दुसरीकडे वळवून उचलायला गेलो. ती म्हणाली, "मास्तर, पाटी हाय ती, विंचू नाय." कुंभारदादा हसले, पण मडकी हलू नयेत म्हणून बेतानेच. मी पाटी उचलली आणि लगेच टाक्याच्या पाण्याने, मातीने हात चोळचोळून धुतले. त्यावर तिने मला सल्ला दिला की नीट धुवा, नायतर गावची मांजरं शाळेत नाव घालतील.

तेव्हापासून दर सोमवारी हेच चाले. सुकटीचा वास लागू नये असा, वाऱ्याच्या वरच्या अंगाचा एक दगड माझ्यासाठी सोडलेला असे, आणि तो सोडला म्हणून पुन्हा माझीच चेष्टा. भाकरीची फडकी सुटली की माझ्या लिंबाच्या लोणच्यावर तिघांचा हक्क. मी मात्र त्यांच्या सुकटीच्या चटणीकडे बघणार नाही हे त्यांनी गृहीत धरलेलं. एकदा कुंभारदादांनी विचारलं, की मास्तर, तुमी कधी डोक्यावर काय घेत नाय ते का? मी काही बोलायच्या आत मावशीने उत्तर दिलं, "त्यांचं वझं डोक्याच्या आत हाय रं. त्याला हात लागत नाय." मला त्याचा राग आला होता, खरं सांगतो. मी तसा तापटच. पण पुढच्या सोमवारी पहाटे चढताना माझ्या लक्षात आलं की मी पाय जरा जास्तच झपाझप टाकतोय, आणि ते काही शाळेच्या ओढीने नव्हे.

असं दीड वर्ष गेलं. माझी नोकरी तोवर कच्चीच होती. डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार, त्यांचा शेरा चांगला पडला तर ती पक्की होणार. चैत्राच्या शेवटी निरोप आला की साहेब सोमवारी दहाला शाळेत हजर होतील. सोमवारीच! मी रविवारी खाली थांबायलाच नको होतं, पण घरी मुलीला गोवर आलेला, तिला बघितल्याशिवाय राहवेना. पहाटे नेहमीपेक्षा तासभर आधी निघायचं ठरवलं होतं. मुलगी रडत उठली आणि तो तास तिथेच गेला.

टाक्यावर पोचलो तेव्हा तिघेही आलेले होते. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून कुंभारदादांचं जाळं नेहमीच्या दीडपट. मावशीची पाटी तर पावसाळ्याच्या बेगमीची, काठोकाठ. आणि मावशी टाचेवरची चिंधी सोडून बसलेली. वाटेत तिच्या टाचेत बाभळीचा काटा शिरून मोडला होता. ठाकरदादा दुसऱ्या काट्याने तो काढायच्या खटपटीत होता, काटा निघत नव्हता, आणि कड्यावरचं ऊन भराभरा खाली सरकत होतं.

मी उभाच राहिलो. पाणी प्यायलो, पुन्हा उभा राहिलो. मावशी म्हणाली, मास्तर, जरा दम खा, निघतोच. मी सांगितलं की आज साहेब येणार आहेत. ती म्हणाली, साहेब काय तुमच्या आधी घाट चढून आलाय व्हय, आणि पुन्हा पाय ठाकरदादाच्या मांडीवर ठेवून आरामात बसली. तिचं काही चुकलं नाही. पायात मोडलेला काटा घेऊन कुणी डोंगर चढत नाही. पण माझं डोकं फिरलं. मी पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणालो, "तुमच्या सुकटीपायी मी माझी नोकरी घालवू काय?"

कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. मी वाटेला लागलो आणि मागे वळून पाहिलं नाही. चढ संपेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो आणि प्रत्येक वेळी जिंकत होतो.

साडेनवाला शाळेत पोचलो. मुलं रांगेत बसवली, फळा पुसला, टोपी सारखी केली. दहा वाजले, अकरा वाजले, एक वाजला. साहेब आदल्या दिवशीच गावात येऊन पाटलांकडे उतरले होते; सकाळी उठायला उशीर, मग अंघोळ, मग जेवण, मग वामकुक्षी. तीनच्या सुमाराला ढेकर देत आले, एका मुलाला एकोणतिसाचा पाढा विचारला, तो मध्येच अडकला तरी हसले, शेरा चांगला लिहिला आणि निघून गेले. नोकरी पक्की झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण उरलेल्या दिवसाची सुट्टी मिळाली.

शनिवारी खाली उतरताना टाक्यावर थांबलो. जांभळीच्या बुंध्याशी खापऱ्यांचा एक ढीग होता, लाल, नव्या मडक्यांच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात जाऊ नयेत म्हणून कुणीतरी नीट गोळा करून ठेवलेल्या. मी मनात म्हटलं, बिचाऱ्याचं कुणाचं तरी नुकसान झालं, आणि पाणी पिऊन पुढे निघालो. चार इयत्तांना शिकवणारा माणूस मी!

सोमवारी मी पेढे घेऊन चढलो. टाक्यावर पोचलो तेव्हा तिघांची ओझी डोक्यावर चढलेली होती, निघण्याच्या बेतात होते. कुंभारदादांचं जाळं निम्मं होतं. मावशीच्या टाचेला केवढं तरी फडकं. मी विचारलं, काय झालं? कुंभारदादा म्हणाले, मावशीचा पाय लचकला, पडली. एवढंच. बाकीचं मी जोडलं. मी गेल्यावर जाळ्याच्या दुसऱ्या अंगाला मावशी उभी राहिली असणार, दुखऱ्या टाचेवर. मडकी खाली आली ती कातळावर.

मी माफी मागितली नाही असं नाही. मागितली, पण मास्तराने मागावी तशी, म्हणजे आधी कारणं सांगितली. साहेबांचं सांगितलं, मुलीच्या गोवराचं सांगितलं. कुंभारदादा म्हणाले, मडकं मातीचंच, फुटायचंच. मावशीने मुलीची चौकशी केली, कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायला सांगितला. मग म्हणाली, "तुमी व्हा पुढं, गुरुजी. तुमाला उशीर व्हईल."

गुरुजी! दीड वर्षात त्या बाईने मला एकदाही गुरुजी म्हटलेलं नव्हतं. मी पेढे पुढे केले. तिघांनी एकेक घेतला, कपाळाला लावला आणि कनवटीला खोचून ठेवला, प्रसाद ठेवतात तसा.

पुढचे तीन सोमवार असेच गेले. मी कितीही लवकर निघालो तरी ते माझ्या आधी उठलेले असत, ओझी चढलेली असत. वाटेत गाठ पडली तर बाजूला होऊन मला वाट देत. माझा दगड वाऱ्याच्या वरच्या अंगाला तसाच रिकामा असे. लोणचं पुढे केलं तरी कुणी हात लावेना. मावशी म्हणाली, आता आंबट बाधतं. कुणी रागावलं नाही, टोमणा मारला नाही, तोंड फिरवलं नाही. इतका मान मला सबंध नोकरीत कुणी दिला नसेल, आणि त्या मानाने माझा जीव नुसता कासावीस व्हायचा. एका सोमवारी तर मी मुद्दाम पालथा हात नाकाला लावला, सुकटीचा वास आल्यासारखा, की मावशी काही तरी बोलेल. ती म्हणाली, "वारा फिरलाय जी," आणि पाटी घेऊन पुढे गेली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने तांदूळ पाखडता पाखडता ऐकलं आणि म्हणाली, "त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं ना तुम्हाला? शिव्या आपल्या माणसाला देतात." मी म्हटलं, मग मी आता काय करू? ती म्हणाली, ते मला काय ठाऊक, मास्तर तुम्ही. मी तिच्यासमोरच्या सुपाकडे बघत बसलो. माझे महिन्याचे तांदूळ दर वेळी एक बैलवाला वर पोचवायचा. या खेपेला मी त्याला नको म्हणून निरोप पाठवला.

सोमवारी पहाटे सहा पायली तांदळाचं पोतं अंगणात ठेवून मी बायकोला म्हटलं, हात दे. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आत जाऊन जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, पिळून त्याची चुंबळ केली, माझ्या डोक्यावर बसवली आणि पोतं चढवलं. म्हणाली, "मान मोडली तर अर्ध्या वाटेवरून निरोप धाडा."

चार पावलं नीट पडली. मग मानेत कळ आली ती पार कमरेपर्यंत. वाटेत दहा ठिकाणी वाटलं की टाकावं खाली आणि बसावं. पण टाकलं तर चढवणार कोण? ही गोष्ट मी दीड वर्ष डोळ्यांनी बघत होतो आणि मानेला तेव्हा पहिल्यांदा कळली. टाकं येईपर्यंत थांबता येत नाही. धोतर घामाने पायाला चिकटलं होतं, आणि ज्या देवांची मला फारशी ओळख नव्हती त्यांचीही नावं घेऊन झाली.

टाक्यावर आलो तेव्हा बराच उशीर झाला होता. तिघे निघालेच होते. ठाकरदादा डालगं डोक्यावर घेऊन वाटेला लागलेला, त्याच्या मागे कुंभारदादा, शेवटी मावशी. मी पोतं आदळलं आणि त्याच्या शेजारीच कोसळलो. आवाजाने तिघेही वळले.

त्यांनी पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भरल्या डोक्याने कुणाला खाली वाकता येत नाही. ते गेले असते तर त्यांचं काहीच चुकलं नसतं; वर बाजार भरत आला होता, आणि मीही एकदा असाच गेलो होतो. ठाकरदादा वाटेकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं, आता हा पुढचं पाऊल टाकणार, आणि मग संपलंच.

"शेवटचं डोकं रिकामं हाय," मावशी म्हणाली, आणि तिने भरलेली पाटी धपकन खाली घेतली.

कुंभारदादा कुरकुरले. बाजारात जागा मिळायची नाही म्हणाले. पण तेही परत फिरले. ठाकरदादाने डालगं ठेवलं, मावशीने एक अंग धरलं, त्याने दुसरं, आणि जाळं खाली आलं. एकदा चढलेली ओझी टाक्यावर पुन्हा उतरली, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिघेही परत आपापल्या जागी बसले, आणि मावशीने हात पुढे करून माझ्या पिशवीतून लोणच्याची बरणी स्वतःच काढून घेतली.

मग उठायची वेळ झाली. मावशी म्हणाली, आज आधी मास्तरांचं. तिने आणि ठाकरदादाने मिळून माझं पोतं चढवलं. चढवताना तिने ते हाताने जोखलं आणि कुंभारदादांना विचारलं, "ह्यात हाय काय रं? मला वाटलं साऱ्या शाळंची पुस्तकं आणली. हे तर कोंबड्यांच्या डालग्याएवढंबी नाय." कुंभारदादा बेताने हसायचं विसरले. त्यांच्या डोक्यावर त्या वेळी मडकी नव्हती, म्हणून मोकळेपणी हसले.

मी पोतं घेऊन उभा. आता त्यांनी आपापली ओझी चढवावी की नाही? नाही. मावशी पुन्हा बसली. कनवटीची तंबाखू काढली, चुना काढला, मळत बसली. कुंभारदादांनी जाळ्याची एक गाठ सोडून पुन्हा बांधली, जी मुळीच सैल झालेली नव्हती. ठाकरदादा कोंबड्यांना एकेक करून पाणी पाजत होता. माझी मान थरथरत होती. बसता येत नव्हतं, पुढे जाता येत नव्हतं. कायदा मला पाठ होता.

"घाई नाय ना, मास्तर?" मावशीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आणि तेवढा एक शब्द बोलताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि दोन्ही हात पोत्याला धरलेले. पुसणार कशाने? तीस वर्षांचा बाप्या, शाळेचा मास्तर, भर उन्हात टाक्यावर उभा राहून रडत होतो, आणि तोंड लपवायला मान वळवायचीही सोय नव्हती.

मावशी तंबाखू टाकून उठली. जवळ आली, आणि पदराच्या टोकाने तिने माझे डोळे पुसले, गाल पुसले, नाकसुद्धा पुसलं. पदराला सुकटीचा वास होता. कुंभारदादा आणि ठाकरदादा आमच्याकडे बघत होते. त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "मास्तरांना घाम लई येतो."

मग त्यांनी जाळं चढवलं, पाटी चढवली, ठाकरदादा गुडघ्यावर बसून डालगं घेऊन उठला, आणि आम्ही निघालो. त्या दिवशी माझी शाळा साडेअकराला भरली.